क्रेडिट कार्डाची तीन थकीत बिलं आणि महिन्याला ११ हजार – आधी कुठलं कार्ड संपवू?

तात्पुरता_आयडी
नमस्कार मंडळी. नेहमीच्या आयडीने हे लिहायला नको वाटलं म्हणून हा नवीन काढलाय, समजून घ्या.

तीन कार्डांवर मिळून १ लाख २७ हजार थकलेत. पहिलं ८० हजार, महिना साडेतीन टक्के. दुसरं ३५ हजार, पावणेचार टक्के. तिसरं १२ हजार, तीन टक्के. भाडं, किराणा, फी, आईची औषधं सगळं जाऊन महिन्याला ११ हजार उरतात, कधी १० कधी साडेअकरा, पण ११ धरा. तिन्हींची मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरायची रक्कम) मिळून साधारण साडेसहा हजार होते, ती वेळेवर जाते, आजवर एकही चुकलेली नाही. उरलेले साडेचार तिन्हींवर थोडे थोडे टाकते. एवढं करून एकूण आकडा महिन्याला जेमतेम पाच-सहा हजारांनी उतरतो.

६० हजारांची एक एफडी आहे, ती मोडायची नाही असं ठरवलंय, दवाखान्याचं काही निघालं तर म्हणून.

आधी कुठलं फेडू? जास्त व्याजाचं की सगळ्यात छोटं? आणि कृपा करून 'उत्पन्न वाढवा' सांगू नका, ऑलरेडी दोन ठिकाणी काम करतेय.

बिनव्याजी
कुठलं आधी ते नंतर बघू. कार्डं अजून वापरात आहेत का? महिन्याला किती स्वाइप होतं?

तात्पुरता_आयडी
हो, किराणा आणि पेट्रोल पहिल्या कार्डावर. आठ-नऊ हजार. पण ते त्या ११ मध्ये नाहीत हां, तेवढे मी वेगळे भरते. पॉइंट मिळतात म्हणून कार्डावर घेते.

बिनव्याजी
तिथेच गळती आहे बघा. '४५ दिवस बिनव्याजी' ही जी सवलत असते ना ती फक्त मागचं बिल पूर्ण भरलं असेल तरच मिळते. मागची बाकी पुढे ओढलीत की सवलत बंद, आणि मग आज घेतलेल्या किराण्यावर आजपासूनच व्याज चालू, बिल यायचीही वाट बघत नाहीत. तुम्ही ते आठ-नऊ हजार वेगळे भरता असं तुमच्या डोक्यात आहे, बँकेच्या हिशोबात सगळं एकाच ढिगात. पॉइंट म्हणजे खर्चाच्या एखादा टक्का, कधी तेवढाही नाही, आणि त्यासाठी तुम्ही साडेतीन टक्के महिन्याचं व्याज लावून घेताय.

आज रात्री तीन कामं करा. तिन्ही कार्डांचे नंबर सगळ्या शॉपिंग अ‍ॅपमधून काढा. जी सबस्क्रिप्शनं कार्डातून आपोआप कापली जातात ती बंद करा नाहीतर डेबिटवर फिरवा. आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ऑनलाइन वापर बंद करा, बहुतेक अ‍ॅपमध्ये तसं बटण असतं. कार्ड कात्रीने कापायची गरज नाही, ते नाटक झालं, नंबर सेव्ह असेल तर कापलेलं कार्डही चालतं :)

अनुस्वार
धागा फॉलो करतोय. माझंही असंच काहीसं आहे.

चक्रवाढ
बिनव्याजींशी सहमत. आता आकडे बघू, कारण 'पाच-सहा हजारच उतरतो' याचं उत्तर त्यातच आहे. तीन कार्डांचं पहिल्या महिन्याचं व्याज: ८० हजारावर २८००, ३५ हजारावर १३१२, १२ हजारावर ३६०. झाले साधारण ४४७०. वर व्याजावरचा कर असेल तर तो, आणि नव्या खरेदीवरचं व्याज. म्हणजे ११ पैकी पाच हजार घरात शिरल्या शिरल्या बाहेर.

दुसरं, मिनिमम वेळेवर भरतेय याने चांगलं वाटतं ते ठीक आहे, पण फक्त मिनिमम भरत राहिलं तर काय होतं त्याचं साधं गणित. एक लाख बाकी, महिना साडेतीन टक्के, मिनिमम पाच टक्के, नवी खरेदी शून्य. बाकी निम्म्यावर यायला ४१ महिने लागतात. तेवढ्या काळात भरलेली रक्कम होते साधारण १ लाख ५४ हजार. हो, दीड लाखाच्या वर भरून पन्नास हजार अजून बाकीच.

कारण मिनिमम ही टक्केवारी असते, बाकी उतरली की तीही उतरते, आणि आपण खूश होतो की यावेळी कमी भरावं लागलं. तेच एका लाखावर दर महिन्याला ठाम ५ हजार भरले तर ३५ महिन्यांत विषय संपतो. ७ हजार भरले तर २० महिने. दोन हजार जास्त, पंधरा महिने कमी. १० हजार भरले तर साडेबारा.

तुमच्या केसमध्ये नवीन स्वाइप बंद करून ठाम ११ हजार धरले तर साधारण १५ महिने. ११ चे ९ झाले तर २० महिने. म्हणून कुठलं कार्ड आधी यापेक्षा तो ११ चा आकडा महिन्यामागून महिना टिकणं जास्त महत्त्वाचं.

गोगलगाय
@चक्रवाढ, या मिनिममवर खरंच संशोधन झालंय. वॉरविक विद्यापीठातल्या नील स्टुअर्ट यांनी २००९ मध्ये प्रयोग केला होता, लोकांना एक काल्पनिक बिल दाखवून विचारलं की तुम्ही किती भराल. काहींच्या बिलावर मिनिमम रक्कम छापलेली, काहींच्या नाही. जे पूर्ण भरणारे होते त्यांना फरक पडला नाही. पण जे थोडंफार भरणारे होते ते मिनिमम छापलेली दिसली की बरंच कमी भरायचे, ती छोटी रक्कम नजरेला पडली की मन तिथेच रेंगाळतं. तेव्हापासून मी बिल उघडलं की ती ओळ बघतच नाही, थेट एकूण बाकी.

हिशोबी_काकू
अगं पण ती ओळ बघावी लागतेच, ती चुकली तर लेट फी आणि क्रेडिट स्कोअरवर डाग. त्यापेक्षा तिन्ही कार्डांना मिनिममचं ऑटो डेबिट लावून टाक. मग जास्तीचे पैसे हाताने, एकाच कार्डावर. तीन ठिकाणी दीड दीड हजार टाकत बसलीस तर एकही कार्ड संपताना दिसत नाही, आणि सहा महिन्यांनी कंटाळा येतो. कोणाचाही येईल.

आता तुझा मूळ प्रश्न. शास्त्र सांगतं जास्त व्याजाचं आधी. मी सांगते छोटं आधी. बारा हजाराचं कार्ड दोन-अडीच महिन्यांत संपेल, एक बिल यायचं बंद होईल, एक तारीख लक्षात ठेवायची कमी.

चक्रवाढ
काकू, आदर ठेवून असहमत :) व्याजाला आपल्या भावना कळत नाहीत. पावणेचार टक्क्यांचं सोडून तीन टक्क्यांचं आधी फेडायचं म्हणजे जाणूनबुजून जास्त व्याज भरणं.

हिशोबी_काकू
किती जास्त ते सांग ना मग.

चक्रवाढ
करून बघितलं. १२ हजारावर पाऊण टक्क्याचा फरक म्हणजे महिन्याला ९० रुपये. दुसरं कार्ड संपायला पाच-सहा महिने लागतील तोवर हा फरक. म्हणजे सगळा मिळून पाचशेच्या आतबाहेर. ठीक आहे, या केसमध्ये काकू म्हणतात ते चालेल. पण हे तिन्ही दर जवळजवळ आहेत म्हणून. एक बाकी वर्षाला ४२ टक्क्यांची (म्हणजे महिना साडेतीन) आणि दुसरी १४ टक्क्यांच्या हप्त्याची असती तर मी ऐकलं नसतं.

गोगलगाय
काकूंच्या बाजूनेही पुरावा आहे बरं का. डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन यांचा २०१२ चा अभ्यास, कर्जाच्या विळख्यात सापडलेल्या लोकांच्या खऱ्या नोंदी तपासल्या. एकूण किती रक्कम उतरली यापेक्षा किती खाती बंद झाली यावरून माणूस शेवटपर्यंत टिकेल का याचा जास्त चांगला अंदाज येत होता. याच्या उलट आदल्याच वर्षीचा एक अभ्यास सांगतो की खाती कमी करायच्या ओढीने लोक छोटी कर्जं फेडत बसतात आणि महागडं मोठं कर्ज तसंच वाढत राहतं. दोन्ही खरं आहे, वाद मिटायचा नाही.

निळाशार
काडी टाकून जातो. ६० हजारांची एफडी पडून आहे आणि कर्ज कसं फेडू विचारताय? ती एफडी समजा ७ टक्के देते, म्हणजे महिन्याला ३५०. तेवढ्याच रकमेवर कार्डाला तुम्ही २१०० देताय. दर महिन्याला साडेसतराशे खिशातून जातात फक्त 'एफडी आहे' या समाधानासाठी.

हिशोबी_काकू
समाधान नाही रे, आई आजारी आहे तिची. उद्या अ‍ॅडमिट करायला लागलं तर काय करायचं?

निळाशार
कार्डाची बाकी उतरली की तेवढी लिमिट मोकळी होते की. वेळ आलीच तर तेव्हा स्वाइप करायचं. नसेल आली तर तोवरचं व्याज वाचलं.

रात्रपाळी
@निळाशार कागदावर बरोबर, पण लिमिट ही तुमची ठेव नव्हे. मी एका मोठ्या कार्डावरची जवळपास सगळी बाकी एकरकमी भरली, पुढच्याच महिन्यात बँकेने लिमिट निम्म्याहून खाली आणली, एक एसएमएस, बस. कारण विचारलं तर 'अंतर्गत धोरण'. मला तेव्हा गरज नव्हती म्हणून निभावलं. त्यामुळे पूर्ण एफडी मोडू नका, थोडी रोख ठेवाच. पण पूर्ण ठेवूही नका, ते निळाशार म्हणतात ते पटतं.

आणि अडचण आली म्हणून कार्डावरून एटीएममधून कॅश काढणार असाल तर त्याला फी वेगळी आणि व्याज काढल्या क्षणापासून, बिल पूर्ण भरणाऱ्यालाही सूट नाही. अगदी शेवटचा उपाय.

तात्पुरता_आयडी
किती प्रतिसाद! धन्यवाद सगळ्यांना. किराणा कालपासून डेबिट कार्डावर. तीन सबस्क्रिप्शनं निघाली, त्यातलं एक तर मी विसरूनच गेले होते.

एफडीबद्दल घरी बोलले. २० हजार ठेवून ४० मोडायचे असं ठरतंय. आईचा विमा आहे, फक्त आधी खिशातून भरावं लागतं काही वेळा, तेवढ्याला २० पुरतील.

आणि एक, पहिल्या कार्डाच्या बँकेतून फोन आला होता, ८० हजार हप्त्यांत करून देतो, १२ टक्के फक्त, २४ महिने. करू का? ४२ वरून १२, म्हणजे चांगलंच आहे ना?

चक्रवाढ
थांबा. १२ टक्के फ्लॅट की घटत्या बाकीवर? हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

तात्पुरता_आयडी
विचारलं. फ्लॅट. आधी फोनवरची मुलगी 'मॅम, बारा म्हणजे बाराच' म्हणत होती, दोनदा विचारल्यावर सिनियरला विचारून सांगितलं. प्रोसेसिंग फी वेगळी, हजाराच्या आसपास. मुदतीआधी बंद केलं तर उरलेल्या मुद्दलाच्या ३ टक्के चार्ज, आणि मधे थोडे थोडे जास्तीचे भरता येत नाहीत, बंद करायचं तर एकदम पूर्ण.

चक्रवाढ
वाटलंच. फ्लॅट म्हणजे मुद्दल उतरत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण ८० हजारावरच लावतात. २४ महिन्यांचं १२ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या बाकीच्या हिशोबाने साधारण साडेएकवीस टक्के. ४२ पेक्षा निम्मं आहे, हे मान्य. पण मुदत चुकीची.

आता तुमच्याकडे एफडीचे ४० आहेत. त्यातून १२ चं कार्ड साफ, उरलेले २८ दुसऱ्यावर, तिथे ७ हजार राहतात. म्हणजे एकूण ८७ हजार.

हप्ता केलाच नाही, नुसते ११ भरत राहिलात तर साडेनऊ महिन्यांत संपतं आणि व्याज जातं साधारण साडेसोळा हजार.

२४ महिन्यांचा हप्ता घेतलात तर हप्ता येतो ४१३३, छान छोटा दिसतो. पण उरलेल्या पैशाने मधे फेडता येत नाही, ते साठवून नऊ महिन्यांनी एकदम बंद करायचं, तिथे ३ टक्के चार्ज, सुरुवातीची फी, सगळं मिळून वाचतात जेमतेम दोन हजार. एवढ्यासाठी कोण उठाठेव करणार.

१२ महिन्यांचा घेतलात तर हप्ता ७४६७. व्याज ९६०० ठरलेलं. उरलेल्या साडेतीन हजारातून दुसऱ्या कार्डाचे ७ हजार दोन-तीन महिन्यांत संपतात. फी धरून एकूण खर्च ११ हजारांच्या आसपास. म्हणजे साडेसोळाच्या जागी अकरा, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून साडेतीन हजार दरमहा परत एफडीत.

बँकेला १२ महिने मागा. ते २४-३६ पुढे करतील, कारण त्यांना तेच हवंय.

बिनव्याजी
+१. दोन गोष्टी जोडतो. हप्ता केला की तो पूर्णच्या पूर्ण त्या कार्डाच्या मिनिमम ड्यूमध्ये येतो. आधी तुमची मिनिमम चार हजार होती, आता साडेसात. जुन्या सवयीने चार भरलेत तर थकबाकीदार. ऑटो डेबिट लावताना खात्यात तेवढे पैसे आहेत ना बघा.

आणि त्या कार्डावर आता एक रुपयाचीही खरेदी नको, नाहीतर हप्ता वेगळा, खरेदी वेगळी, त्यावर व्याज वेगळं, बिल वाचता वाचता डोकं फिरतं.

अनुस्वार
मधेच विचारतो, धागा भरकटवायचा नाहीये. माझी गेले काही महिने मिनिममही गेलेली नाही. वसुलीवाल्यांचा फोन आला की निम्म्यात सेटल करा. करावं का?

रात्रपाळी
@अनुस्वार निम्मं माफ ऐकायला गोड लागतं. पण क्रेडिट रिपोर्टवर ते 'बंद' म्हणून नाही, 'सेटल्ड' म्हणून लागतं, आणि पुढे घराचं वगैरे कर्ज मागायला गेलात की पहिला प्रश्न त्यावरच येतो. खरंच दुसरा मार्ग नसेल तर करा, मी कोणाला नाव ठेवणार नाही, पण फोनवरच्या शब्दावर एक पैसा भरू नका. बँकेच्या लेटरहेडवर किंवा बँकेच्या अधिकृत ईमेलवर रक्कम, तारीख आणि यानंतर काही देणं नाही हे लिहून आल्याशिवाय नाही. आणि पैसे कार्डाच्या खात्यातच, कुठल्या एजंटच्या नंबरवर नाही. आधी बँकेला स्वतः फोन करून हप्ते करून मागा, थकल्यावरही बऱ्याचदा देतात. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

हिशोबी_काकू
@तात्पुरता_आयडी तिसरं कार्ड पूर्ण भरलंस तरी पुढच्या बिलात थोडं व्याज येईल, शंभर-दोनशे काहीतरी. घाबरू नकोस आणि 'मी तर पूर्ण भरलं' म्हणून सोडून पण देऊ नकोस. बिल निघाल्यापासून तू भरेपर्यंतच्या दिवसांचं ते व्याज असतं. माझ्या मैत्रिणीने तेवढेच सोडले, त्यावर लेट फी लागली, मग त्या फीवर अजून काहीतरी. ते भरून बाकी शून्य दिसली की मगच काय ते ठरव.

निळाशार
आणि शून्य झालं की लगेच बंद करायची घाई नको. बंद केलंत की एकूण लिमिट कमी होते, बाकी तेवढीच, म्हणजे वापराचं प्रमाण वाढलेलं दिसतं आणि स्कोअर खाली येतो. वार्षिक फी असेल तर वेगळी गोष्ट, मग बंद केलेलं बरं. फी नसेल तर ड्रॉवरमध्ये पडू द्या, पुढच्या वर्षी बघू.

हिशोबी_काकू
ड्रॉवरमधलं कार्ड मोहात पाडतं रे. तिला विचार तिला काय झेपतं ते, स्कोअर काय, कर्ज फिटलं की येतो वर.

तात्पुरता_आयडी
तिसऱ्याला वार्षिक फी आहे, त्यामुळे ते बंदच करणार, वाद मिटला :)

बँकेने १२ महिने द्यायला आधी कां-कूं केली, मग दिलं. हप्ता ७४६७ च, चक्रवाढ तुमचा आकडा रुपयात बरोबर निघाला. ईमेलवर मागून घेतलंय सगळं, फी आणि मुदतीआधीचा चार्ज धरून. ४० हजार परवा खात्यात येतील.

शेवटची शंका. पगार १ तारखेला होतो. दुसऱ्या कार्डाचं बिल ७ ला निघतं आणि भरायची शेवटची तारीख २७. आत्तापर्यंत २५-२६ ला भरायचे, की तोवर पैसे हाताशी असावेत. लवकर भरून काही फरक पडतो का?

चक्रवाढ
पडतो. बाकी ओढत असताना व्याज रोजच्या बाकीवर मोजतात. ११ हजार २० तारखेऐवजी १ ला भरले तर ४२ टक्क्यांच्या दराने १९ दिवसांचे २४० रुपये वाचतात, दर महिन्याला. तुमचं आता त्या कार्डावर ७ हजारच राहतंय त्यामुळे एवढे नाही वाचणार, पण उगाच का द्यायचे.

बिनव्याजी
फक्त एक खाच आहे त्यात. ७ ला बिल निघायच्या आधी भरलेले पैसे त्या बिलाच्या मिनिममला धरत नाहीत. १ ला पाच हजार टाकले आणि वाटलं झालं, तर ७ च्या बिलात परत मिनिमम येणार आणि ती २७ पर्यंत भरावीच लागणार. म्हणून जास्तीचे १ लाच टाका, आणि मिनिमम तेवढी ऑटो डेबिटवर सोडा. ऑटो डेबिट आज लावलंत तर ते बऱ्याचदा पुढच्या बिलापासून चालू होतं, त्यामुळे या महिन्याची हाताने भरा आणि मेसेज आला का बघा.